३.९ ने गुणलेली शंका

मामांची नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये झाली. विषय न्यूटनच्या गुरुत्व-स्थिरांकाचा निघाला.

मी : स्थिरांकांचे अधिकृत आकडे ठरवणाऱ्या 'कोडाटा' समितीने १९८६ मध्ये याची अनिश्चितता दशलक्षात १२८ धरली होती. १९९८ मध्ये ती १५०० केली.

मामा : वाढवली? बारा वर्षांत मोजायला विसरले की काय?

मी : जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या राष्ट्रीय मापनसंस्थेचा आकडा ०.६ टक्क्यांनी जास्त आला. दोष काही सापडेना. मुख्यतः त्यामुळे समितीने हात आखडता घेतला.

मामा : दहा गेज एक सांगतात, अकरावा भलतंच सांगतो. आम्ही अकरावा बाजूला ठेवायचो.

मी : तुमच्याकडे मास्टर गेज असायचा, मामा. इथे मास्टरच शोधायचाय.

मामा : कबूल. पण पुढे काय निघालं?

मी : काही वर्षांनी त्याच संस्थेच्या लोकांना आपल्या उपकरणाच्या विद्युत-मोजणीत गडबड सापडली.

मामा : म्हणजे अकरावाच खराब!

मी : हे ९८ साली ठाऊक नव्हतं.

मामा : मला असतं.

मी : तुम्हाला अंदाज असता.

मामा : आणि तो बरोबर निघाला असता.

अंदाज खरा ठरला म्हणून आकडा वगळण्याचा हक्क मिळत नाही, हे मी तीन तऱ्हांनी सांगून पाहिलं. मामा हलेनात.

मामा : बरं, वगळायचा हक्क कधी मिळतो?

मी : दोष सापडल्यावर.

मामा : आणि दोष कुणाच्या यंत्रात शोधतात? ज्याचा आकडा जुळत नाही त्याच्या. जुळणाऱ्याचं यंत्र कोण उघडतं?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मिलिकनने काढलेला इलेक्ट्रॉनचा विद्युतभार हवेच्या श्यानतेचा आकडा चुकीचा धरल्यामुळे किंचित कमी आला होता, आणि नंतरच्यांचे आकडे एका उडीत नव्हे, हळूहळू वर सरकले. हे मामांच्याच बाजूचं, म्हणून मी तेव्हा बोललो नाही. गुरुत्व-स्थिरांकाच्या वुहानमधल्या मोजण्यांकडे वळलो.

मी : २०१८ मध्ये वुहानच्या एकाच गटाने दोन पद्धतींनी मोजलं. प्रत्येक मोजणीची अनिश्चितता दशलक्षात १२ च्या आत. दोन आकड्यांत अंतर मात्र ४५.

मामा : दोन्ही पास?

मी : दोन्ही छापले. कोडाटाने एकूण १६ मोजण्या घेतल्या आणि त्या एकमेकींशी जुळाव्यात म्हणून सगळ्यांच्या अनिश्चितता सरसकट ३.९ ने गुणल्या.

मामा : कुठल्या दोषापोटी?

मी : सापडला नाही त्या.

मामा : आमच्या रिपोर्टवर असं लिहिलं असतं तर ऑडिटरने बाहेर काढलं असतं.

मी : पण त्यांनी लिहिलं, मामा. गुणक लपवला नाही.

मामा : लिहिलं म्हणून माणसं प्रामाणिक. आकडा बरोबर आहे असं कुठे होतं?

एवढं मान्य करूनही मी तो आकडा वापरीन. ज्या कोष्टकात शंका वाढवल्याचं उघड लिहिलंय, त्यावर भिस्त ठेवता येते. तिथे चूक निघाली तर कुठून शोधायला लागायचं ते कळतं. मामांच्या मते ही पळवाट आहे. वुहानच्या प्रत्येक मोजणीची स्वतःची अनिश्चितता १२ हून कमी होती. त्या १६ मोजण्यांतून ठरलेली अधिकृत अनिश्चितता मात्र आहे दशलक्षात २२.