आश्रित कोण?

मार्च महिना जवळ आला की नोकरदारांच्या घरी कागदपत्रांचे गाठोडे सुटते. विम्याचे हप्ते, शाळेच्या फीच्या पावत्या, डॉक्टरांचे दाखले यांची जुळवाजुळव सुरू होते आणि केव्हातरी कचेरीतून आलेल्या कागदावरील एक लहानसा रकाना समोर येतो : आश्रितांची नावे व नाते. हा रकाना भरताना आपण फारसा विचार करीत नाही. वास्तविक नीतिशास्त्रातील एक जुना आणि अवघड प्रश्न त्या दोन बोटांच्या जागेत दडलेला आहे. आपल्या आधाराने कोण कोण जगते, आणि त्यांपैकी कोणाला आपण 'आपले' म्हणून लिहून देतो?

खानदेशात हा प्रश्न सर्वांना सारखा भेडसावत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे रावेर-यावलच्या केळीबागायतदारास या रकान्याची चिंता नसते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आपली बरीच ख्रिस्ती कुटुंबे मात्र पगारावर जगणारी. कोणी भुसावळला रेल्वेत, कोणी वरणगावच्या आयुधनिर्माणीत, कोणी शाळेत वा इस्पितळात. त्यांचे उत्पन्न पैपैशाने कागदावर असते, म्हणून त्यांचे कुटुंबही कागदावर मांडावे लागते.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील एक घर आपण कल्पनेत आणू या. पती-पत्नी, दोन मुले, म्हातारी आई. शिवाय दिवंगत थोरल्या भावाची पत्नी आणि तिचा एकोणीस वर्षांचा मतिमंद मुलगा. रात्री सात पाने मांडली जातात आणि ती एका पगारातून वाढली जातात. आता हे घर कायद्याच्या कागदावर उतरवून पाहा.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने अपंग आश्रिताच्या पालनपोषणासाठी ७५ हजार रुपयांची, व अपंगत्व तीव्र असल्यास १ लाख २५ हजारांची वजावट दिली. पण ती कोणासाठी? करदात्याचा जोडीदार, मुले, आई-वडील, भाऊ आणि बहिणी. तेही सर्वस्वी अथवा मुख्यत्वे त्याच्यावर अवलंबून असतील तर. भाऊ या यादीत आहे, भावाचा मुलगा नाही. म्हणजे भाऊ स्वतः अपंग होऊन घरी बसला असता तर तो आश्रित ठरला असता. तो मरण पावला आणि आपले लेकरू मागे ठेवून गेला, तर ते लेकरू ठरत नाही. भावजय तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. रेल्वेच्या पासाचे नियम पाहावेत, तर तेथे आश्रित नातलगांचा विचारच कर्मचाऱ्याचे वडील हयात नसतील तेव्हा सुरू होतो. मग विधवा आई येते, अविवाहित वा विधवा बहिणी येतात, एकवीस वर्षांखालील भाऊ येतात. भावजय आणि पुतण्या तेथेही फलाटावरच उभे.

येथे एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. याच कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र करदाता मानला आहे, आणि अशा कुटुंबाच्या बाबतीत त्याचा कोणताही सभासद आश्रित ठरू शकतो, अर्थात पुतण्याही. ख्रिस्ती कुटुंबास ही वाट नाही. आपण तीन पिढ्या एका चुलीवर जेवत असलो तरी करखात्याच्या दृष्टीने आपण सुटी सुटी माणसे आहोत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हिंदू नोकरदाराचा पगार त्याचा स्वतःचाच धरला जातो. ही सवलत एकत्र मालमत्तेच्या वा धंद्याच्या उत्पन्नावर मिळते. शेजारच्या क्वार्टरमधील पाटील किंवा चौधरी केवळ पगारावर असतील, तर त्यांचा पुतण्याही आपल्या पुतण्याबरोबरच बाहेर राहतो. तेव्हा केवळ धर्माच्या नावाने गाऱ्हाणे मांडून हा प्रश्न संपत नाही.

मुलांच्या बाबतीतही पाहा. प्राप्तिकर कायद्याने सावत्र व दत्तक मुलास 'अपत्य' म्हटले आहे. परंतु ख्रिस्ती माणसाला दत्तक घेण्याचा कायदाच दीर्घकाळ नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली त्याला फक्त पालक होता येई, आणि मूल सज्ञान झाले की ते नातेही कायद्यापुरते सरे. २००० च्या बालन्याय कायद्याने, विशेषतः त्यातील २००६ च्या दुरुस्तीने, सर्व धर्मीयांना ही वाट खुली झाली व २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्पष्ट केली. देशाच्या कायद्याने दत्तक ठरलेले मूल ख्रिस्तसभेचा धर्मकायदा पूर्णार्थाने आपले मूल मानतो. पण देशाच्या कायद्याचे दारच बंद असेल तर त्या मान्यतेचा उपयोग तो काय!

तथापि यादी असणे हाच अन्याय, असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेच्या करपद्धतीत रक्ताचे नाते नसलेला माणूसदेखील वर्षभर घरातला होऊन राहिला, त्याचे उत्पन्न अल्प असले आणि त्याचा अर्ध्याहून अधिक भार करदात्याने उचलला, तर आश्रित ठरू शकतो. ही कसोटी छपराची आणि ताटाची आहे. आपली रक्ताची आणि लग्नाची. पहिली अधिक माणुसकीची वाटते, पण कोण कोणाच्या घरी किती दिवस जेवला हे तपासणार कोण? जन्माचा दाखला दाखवता येतो, वाढलेल्या ताटाची पावती मिळत नाही. राज्याला नाते मोजणे सोपे, म्हणून ते नाते मोजते. जुन्या धर्मशास्त्रातील 'पोष्यवर्ग' याहून कितीतरी ऐसपैस होता. त्यात माता-पिता व अपत्यांबरोबर अतिथी आणि आश्रयास आलेलाही असे. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांचे कपडे धूत, त्यांच्या खोल्या झाडीत. त्या मुलांना आश्रित म्हणून कोणत्या रकान्यात घातले असते?

आता खरा नैतिक पेच. आमच्या कल्पनेतील त्या गृहस्थास सल्ला देणारे भेटतातच : "पुतण्याचे नाव मुलगा म्हणून टाका, सांभाळता तर मुलासारखेच ना?" हा सल्ला लबाडाचा नसून पुष्कळदा कनवाळू माणसाचा असतो, म्हणूनच तो अधिक अवघड. येथे कोणाचे नुकसान होत असेल तर ते सरकारी तिजोरीचे, आणि तेही अल्प. संत अगस्तीन यांनी असत्याला कोणत्याही कारणास्तव मुभा दिली नाही. संत थॉमस अक्विनास यांनी परोपकारार्थ बोललेले असत्य सौम्य मानले, पण पापच मानले. आम्हांस आणखी एक कारण दिसते. त्या मुलास कागदावर 'पुत्र' केले की त्याच्या मृत पित्याचे नाव आपण पुसतो, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या आईस, जिला आधीच कोठे रकाना नाही, तिला आणखी एका ठिकाणाहून वगळतो. सवलत सोडावी, खोटे लिहू नये, असे आमचे मत. मात्र हे मत पूर्ण कर भरून सात पाने वाढणाऱ्याला ऐकवताना मान थोडी खाली घालावी लागते, हेही खरे.

याहून गंभीर दोष उलट बाजूस आहे, आणि त्याबद्दल आपल्यात फारसे बोलले जात नाही. आई-वडिलांच्या आरोग्यविम्यावर २००८ पासून स्वतंत्र वजावट मिळू लागली. आई-वडील ज्येष्ठ नागरिक असल्यास ती ५० हजारांपर्यंत आहे. ते आश्रित आहेत की नाहीत, हे तेथे विचारलेच जात नाही. त्यामुळे पत्रकात आईचे नाव ठळक, आणि आई धुळ्याच्या जुन्या घरी एकटी, असे घडू शकते. विम्याचा हप्ता भरला म्हणजे पुत्रधर्म पार पडला, ही समजूत त्या रकान्यानेच शिकवली. देवाला वाहिले असे सांगून आई-वडिलांच्या पोषणातून अंग काढून घेणाऱ्यांना प्रभू येशूने 'कुर्बान'च्या संदर्भात जे सुनावले, ते मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. ज्यांना वाटेल त्यांनी मार्चमध्येच वाचावे.

ख्रिस्तसभेलाही आश्रितांची यादी करावी लागली होती. तिमथीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विधवांच्या नोंदीचे नियम आहेत : वय साठीच्या पुढे हवे, मुले-नातवंडे असतील तर आधी त्यांनी सांभाळावे, सभेवर भार टाकू नये, म्हणजे खरोखर निराधार असलेल्यांना तिला साहाय्य करता येईल. नियम कडक आहेत. पण ही यादी मागणाऱ्यास गाळण्यासाठी नसून ज्याला कोणीच नाही तो सापडावा म्हणून केलेली आहे. करपत्रकाची यादी नेमकी याच्या उलट चालते. ज्याला जवळचे कोणी नाही, तोच तीतून प्रथम गळतो.

आणि 'आश्रित' हा शब्द तरी कितपत खरा? ती म्हातारी आई पहाटे उठून कळण्याची भाकरी थापते, नातवंडांना शाळेत पोचवते. भावजय सगळ्या घराचे धुणे-भांडे सांभाळते. त्या दोघी महिनाभर दुसरीकडे गेल्या तर घर चालवण्यास दोन नोकर ठेवावे लागतील. मग कोण कोणाच्या आश्रयाने राहते? पगार एकाच्याच नावे येतो, एवढ्यावरून पोशिंदा ठरवण्याची रीत पडली आहे.

दरम्यान शासनाने हा रकानाच मिटवत आणला आहे. २०२० साली आलेली आणि २०२३-२४ पासून मूळ धरली गेलेली नवी करपद्धती कमी दराने कर घेते, पण आई-वडिलांच्या विम्याची व अपंग आश्रिताची वजावट देत नाही. २०२५-२६ या वर्षापासून तीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर उरत नाही. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांचा व्यवहारापुरता प्रश्न सुटला. त्याहून वरच्या पगारावर मात्र एकटा राहणारा आणि सात माणसांचा भार वाहणारा यांना सारखाच कर. १९५५ च्या अर्थसंकल्पात चिंतामणराव देशमुखांनी विवाहितास २ हजार व अविवाहितास १ हजार अशी करमुक्त मर्यादा वेगळी केली होती. घरात किती माणसे आहेत, हे पाहण्याची तेव्हा निदान इच्छा होती. जुनी पद्धत आजही निवडता येते. परंतु तेथे यादी तीच.

त्या मतिमंद मुलासाठी मात्र एक सरकारी दार आहे, आणि ते आपल्या धर्मग्रामांत फार थोड्यांना ठाऊक असेल. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करावयाचा असतो. तीत जिल्हाधिकारी असतात, अपंगांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी असतो आणि एक अपंग व्यक्तीही असते. तेथे नातलगाने अर्ज करता येतो व काका पालक होऊ शकतो. अशा मुलांसाठी न्यासाची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजनाही आहे. काकाने एवढे सगळे केले, तरी करपत्रकात तो मुलगा पुतण्याच राहील. परंतु जिल्हाधिकारी कचेरीतील एका कागदावर त्याचे नाव, त्याच्या पित्याचे नाव आणि त्याला सांभाळणाऱ्याचे नाव ही तिन्ही खरी लिहिलेली असतील.