मुक्काम उठल्यावर



आपल्या देवाला घर नाही. निद्रा माहूरगडावर, स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरी. आणि महानुभाव मंडळी सांगतात त्याप्रमाणे भोजन आपल्याच बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या पांचाळेश्वरी, गोदावरीच्या पात्रात. चार ठिकाणी वावर आणि चारी ठिकाणी पाहुणा. लहानपणापासून हे ऐकत आलो. पण पाहुणा उठून गेल्यावर जागेचं काय होतं, हा प्रश्न मला वयाची साठी उलटल्यावर पडला, आणि तोही एका हिवराच्या झाडामुळे.

कपिलधार बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. बीडहून वीसेक किलोमीटर, मांजरसुंब्याच्या जवळ, बालाघाटाच्या कपारीत. पावसाळ्यात वरून धार कोसळते आणि खाली 'परमरहस्य' ग्रंथाचे कर्ते संत मन्मथस्वामी यांची संजीवन समाधी आहे. वीरशैव समाजाचं हे मोठं तीर्थ. कार्तिक पौर्णिमेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या पायी येतात. माणसं दिवसा चालतात आणि रात्री मिळेल त्या वावरात अंग टाकतात. आम्ही दत्तसंप्रदायी असलो तरी संत काय वाटून घ्यायचे असतात? आमच्या मंदिराच्या मंडळींनी काही वर्षांपूर्वी ठरवलं की वाटेवर एक रात्र मुक्काम करायचा आणि चालणाऱ्यांना खिचडी वाढायची.

रानाच्या कडेला एका शेतकऱ्याची पडीक जमीन होती. विचारलं, तो 'बसा की' म्हणाला. वारं फार होतं म्हणून आम्ही एका जाड झाडाच्या आडोशाला तीन दगड मांडून मोठी चूल केली. पहाटेपर्यंत ती धगधगत होती. चार-पाचशे माणसं जेवली असतील. वरून चकचकीत कागद लावलेल्या पत्रावळ्या आणि द्रोण होते, स्वस्त पडतात म्हणून आणलेले. सकाळी आम्ही खड्डा खणला, सगळं पुरलं, वर माती लोटली, जागा स्वच्छ दिसली. दत्त महाराजांचा जयघोष केला आणि बीडला परत आलो. मन अगदी भरून आलं होतं, हेही खरं सांगतो.

पुढच्या वर्षी जागा मागायला गेलो. खड्डा कधीच उकरला गेला होता. तिथं माती ती किती, हातभर मुरूम आणि खाली खडक. कुत्र्या-कोल्ह्यांना खरकट्याचा वास आला, त्यांनी सगळं बाहेर काढलं. द्रोणांचा तो चकचकीत पापुद्रा वर्षभरात कुजला नव्हता, बोरीच्या काट्यांना लटकून फडफडत होता. आणि ते झाड. एका बाजूने काळं पडलेलं, साल तडकून सुटलेली, वरच्या त्या अंगाच्या फांद्या वाळलेल्या. झाडाच्या सालीखाली एक पातळ ओला थर असतो. झाड जगतं ते त्या थरावर. तो एकदा भाजला की त्या बाजूचं झाड संपलं. चुलीची आच तिथवर पोचली होती.

शेतकरी रागावला नाही. नुसता म्हणाला, "काका, तुमी गेलात. उष्टं राह्यलं. चार दिस येचत व्हतो मी."

मी त्या झाडाकडे बघत राहिलो, आणि एक गोष्ट मनात आली ती आजवर गेली नाही. ते झाड औदुंबर असतं तर? आमच्यातल्या एकाने तरी तिथं चूल मांडू दिली असती का? पायातल्या वहाणा काढून, हात जोडून आम्ही दहा पावलं लांब गेलो असतो. पण तो हिवर होता. हिवराला कोण पुसतो? आमची भक्ती झाड ओळखून चालत होती.

मंदिरात हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ मित्राने सरळ विचारलं, "अहो, पाचशे माणसं जेवली. त्यापुढे एक झाड म्हणजे काय?" प्रश्न खोटा नाही. अन्नदान मोठं आहेच. चालून पाय सुजलेल्या म्हातारीच्या हातात गरम खिचडी पडते तेव्हा तिच्या तोंडावर जे दिसतं ते मी विसरणार नाही. पण मला त्यांचा हिशेबच पटत नाही. दुकानदाराच्या वहीत एका गिऱ्हाइकाचं देणं दुसऱ्याच्या जमेतून वळतं करता येत नाही. जेवले ते वारकरी. झाड गेलं त्या शेतकऱ्याचं, सावली गेली त्याच्या शेळ्यांची. त्या शेळ्यांनी आमच्या पुण्यात भागी मागितली नव्हती.

गेल्या मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आधी, मी पुन्हा तिथं राहायला गेलो. या वेळी आम्ही दोघंच, मी आणि पुण्याहून आलेला नातू. त्याला डोंगर चढायचा नाद आहे. तो शेतकरी आता रानाकडेचा तो तुकडा चार-दोन माणसांना रात्रीपुरता देतो. वीज नाही, नळ नाही, खोली नाही. पाणी आपलं आपण न्यायचं. अटी मात्र त्याने तोंडी सांगितल्या, आणि त्या कुठल्याही लॉजपेक्षा कडक होत्या. जाळ उघड्या खडकावरच, जिथं आधीची चूल आहे तिथं. नवी मांडायची नाही. लाकूड पडलेलंच, अंगठ्याएवढं. झाडाला हात लावायचा नाही. गवतावर पथारी टाकायची नाही, धनगराची मेंढरं बसून जमीन कडक झालीय तिथं झोपायचं. ओढ्यात भांडी घासायची नाहीत, खाली गुरं पितात. आणलं ते सगळं परत न्यायचं.

नातू हसायला लागला. म्हणाला, "आबा, हे तर आम्हाला शिबिरात शिकवलं!" त्याने सांगितलं की अमेरिकेत जंगलात राहणाऱ्यांसाठी असेच सात नियम केलेले आहेत आणि त्यांचा प्रसार करणारी संस्था १९९४ पासून आहे. मुक्काम पाण्यापासून दोनशे फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर पावलं. शौचाला सहा ते आठ इंच खड्डा, वर माती. मागे काही ठेवायचं नाही, एवढंच त्याचं सार.

रात्री थंडी मी म्हणत होती. घोंगडी पांघरून पडलो आणि ते सात नियम डोक्यात घोळवत होतो. मला त्यात परकं काही वाटेना. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात साप आहे. साप स्वतः घर बांधत नाही, मिळेल त्या बिळात राहतो आणि मुकाट्याने निघून जातो. भुंगा आहे, तो फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो. आपली मधुकरी त्याच्यावरूनच आली. दहा घरी थोडं थोडं, म्हणजे एका घरावर भार नको. संन्याशाने गावात फार दिवस राहू नये, आणि पावसाळ्यात मात्र चार महिने हलू नये असं का सांगितलं? पावसाळ्यात वाटेवर कोंब फुटलेले असतात, किडामुंगी फिरत असते, ती पायाखाली येते म्हणून. चातुर्मास म्हटला की आपल्याला पारायण आणि कांदा-वांगं आठवतं. त्याच्या मुळाशी ही कोंबाची काळजी आहे, हे आपण विसरलो. प. प. श्री टेंबेस्वामी महाराज १८५४ साली माणगावी जन्मले, १९१४ साली गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. मधल्या संन्यासी आयुष्यात देशभर फिरले ते पायी. दंड, कमंडलू, छाटी आणि पोथ्या. एवढ्याच्या मागे काय उरणार?

नातवाला हे सांगितलं तर त्याने मलाच अडचणीत टाकलं.

"पण आबा, आपण तर पादुकांची पूजा करतो. पादुका म्हणजे पायाची खूणच ना? महाराजांनी खूण ठेवली नसती तर तुम्ही वाडीला कशाला गेला असता?"

मी गप्प झालो. दत्तसंप्रदाय उभा आहे तोच मुळी खुणांवर. औदुंबरला विमल पादुका, नृसिंहवाडीला मनोहर पादुका, गाणगापुरी निर्गुण पादुका. मागे काही ठेवू नये हाच धर्म असेल तर आमची तीर्थं म्हणजे काय?

उत्तर लगेच सुचलं नाही. पहाटे कुठंतरी मोर ओरडला (पाटोद्याकडे नायगावला मोरांचं अभयारण्यच आहे, पण या डोंगरात ते सगळीकडे आढळतात) आणि जाग आली तेव्हा गुरुचरित्र आठवत पडून राहिलो. श्रीनृसिंहसरस्वती औदुंबरला एक चातुर्मास राहिले आणि उठले. वाडीला बारा वर्षं राहिले आणि उठले. उठताना त्यांना स्वतःची खूण ठेवायची हौस होती असं कुठं दिसत नाही. योगिनी रडल्या, 'आम्हाला सोडून जाता' म्हणाल्या, तेव्हा त्यांच्यासाठी स्थान राहिलं. गाणगापुरी भक्त व्याकूळ झाले तेव्हा निर्गुण पादुका राहिल्या. खूण मागे राहणाऱ्यांनी मागितली. जाणाऱ्याने लादली नाही. मी त्या शेतकऱ्याच्या वावरात जे ठेवून आलो ते कोणी मागितलं होतं? देवळाच्या पायऱ्यांवर, बाकांवर, पाणपोईवर आपण आपली नावं कोरतो तीही कोणी मागितलेली नसतात, पण तो विषय काढला तर आमच्याच मंदिरात दोन तट पडतील.

नातवाला एवढंच सांगितलं. त्याला पूर्ण पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर काही बाबतीत मलाही अजून उमगलेलं नाही. दोन माणसांनी खडकावर चूल पेटवणं सोपं. हजार माणसांची दिंडी अंगठ्याएवढ्या काटक्यांवर कशी जेवणार? अंधारात लेकरू कडेवर घेऊन आडोसा शोधणाऱ्या बाईला सत्तर पावलं मोजायला कोण सांगणार? हे नियम सवड असलेल्या माणसाचे आहेत, असं म्हणणाऱ्याला मी खोटं पाडू शकत नाही. आणि मेंढरं बसलेल्या जमिनीवर झोपलो तरी माझ्या अंगाखाली चार मुंग्या चिरडल्याच असतील. काहीच न दुखवता जगणं अवधूतालाही साधलं असेल की नाही, कोण जाणे. पण साधत नाही म्हणून मोजायचंच नाही, हा मार्ग मी एकदा चालून बघितला आहे. त्याच्या शेवटी तो हिवर उभा आहे.

या कार्तिकात आमच्या मंडळींनी पळसाच्या पत्रावळ्या न्यायचं ठरवलं. बालाघाटात पळसाला तोटा नाही. पण त्या शिवायला बसणार कोण, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी प्रत्येकाने घरून ताटली आणावी आणि वारकऱ्यांसाठी स्टीलच्या ताटांचा ढीग भाड्याने घ्यावा असं ठरलं. घासायचं पाणी टँकरने न्यायचं. खर्च वाढला, तर खिचडीतले शेंगदाणे कमी करा असं कोणी सुचवलं. मी विरोध केला. शेंगदाणे राहिले.

त्या दिवशी सकाळी आम्ही राखेवर पाणी शिंपडलं, हात घालून ती गार झाली का पाहिली, आणि राखही पिशवीत भरली. शेतकरी आला, फिरून बघितलं, काही बोलला नाही. त्याची कारभारीण त्या हिवराच्या जिवंत बाजूला शेळी बांधत होती. मांजरसुंब्याला एसटी मिळाली. नातवाच्या हातातली फुगलेली पिशवी बघून कंडक्टरने विचारलं, "कपिलधारचा प्रसाद का, आजोबा?"

"नाही हो," मी म्हटलं, "आमचंच उष्टं आहे. घरी नेतोय."

त्याने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तिकीट फाडलं.