भिंत आणि कागद

वारली लग्नातला चौक काढायचा तो सवाशिणींनी. कुडाची भिंत शेणानं सारवलेली, त्यावर गेरूचा हात. रंग एकच, पांढरा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं की झाला. ब्रशच्या जागी बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. हे पीठ ओलं असताना भिंतीवर धड दिसत नाही. बाई अंदाजानंच पुढची रेघ ओढते, तोवर मागची वाळून पांढरी फटक उमटू लागलेली असते. मधोमध पालघाट देवी, भोवती चंद्र, सूर्य, फणी, शिडी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. तिच्यावाचून लग्न लागत नाही. लग्न पार पडलं की चौकाचं काम संपतं. चुलीच्या धुरानं तो काळवंडतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि एक दिवस त्यावरून नवं सारवण फिरतं. कुणाला हळहळ वाटत नाही.

तिकडे बिहारमधल्या मिथिलेत नवरा-नवरीच्या खोलीला कोहबर घर म्हणतात. तिथल्या भिंतीवर कमळाची पानं, बांबू, मासे, कासवं, पोपट. तेही घरच्या बायकांनीच काढायचं आणि यथावकाश पुसलं जायचं.

या दोन्ही भिंतींपुढे एकच मराठी माणूस कागद घेऊन उभा राहिला होता, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. चित्रकार भास्कर कुलकर्णी. 1966-67 च्या बिहारमधल्या दुष्काळात हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीच्या परिसरात पाठवलं. जितवारपूरसारख्या गावांतल्या बायकांना त्यांनी कागद दिले, भिंतीवर काढता तेच यावर काढा म्हणाले. चित्रं विकली जाऊ लागली, हातात पैसे आले. पुढे सत्तरच्या दशकात तेच कुलकर्णी डहाणूकडच्या वारली पाड्यांवर पोचले.

कागदावर आल्यानं या कलेचा आत्मा हरवला, अशी हळहळ अधूनमधून ऐकू येते. असं म्हणणाऱ्यांचं पोट बहुधा भरलेलं असतं. शिवाय कागदामुळे भिंतीवर ज्यांना जागा नव्हती अशा गोष्टी चित्रात आल्या. मिथिलेच्या गंगादेवी 1985 साली भारत महोत्सवासाठी अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन त्यांनी चक्क रोलर कोस्टर काढला, त्याच बारीक, रेघांनी भरलेल्या कचनी शैलीत. कर्करोग झाल्यावर आपलं आजारपण आणि उपचारही त्यांनी चित्रांतून मांडले. कोहबराच्या मंगल भिंतीवर इस्पितळ कोण काढू देईल? इकडे वारल्यांमध्ये गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, पुरुष असून, लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढू लागले. मासेमारीचं जाळं काढताना त्यांनी अख्खा कागद बारीक रेघांनी विणून टाकला. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण कागदाबरोबर चित्राला कर्ता आला, सही आली, किंमत आली. ज्याला कर्ता असतो ते हरवू शकतं, आणि ते जपावंही लागतं. गंगादेवींनी आजारी असतानाच दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक कोहबर घर रंगवलं होतं. म्हणजे चित्र पुन्हा भिंतीवर गेलं, पण या खेपेला टिकण्यासाठी. 1991 साली त्या गेल्या. 2015 च्या सुमारास संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते कोहबर नष्ट झालं आणि कलाक्षेत्रात संताप उसळला.

'गावात तरी दुसरं काय होतं? तिथंही पुसतातच की,' असं कुणी म्हणेल. मला हा युक्तिवाद लबाडीचा वाटतो. गावातल्या भिंतीवर सारवण फिरवणारी बाई पुढच्या लग्नात तोच कमळाचा वेल पुन्हा काढू शकत होती. कुठे पान, कुठे मासा, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. दिल्लीत ज्यांनी तो गिलावा उतरवला, त्यांच्यापैकी कुणाला कोहबर काढता येत होतं? मूळ शैलीत दुसरं काढून घेऊ म्हटलं, तरी ते दुसऱ्या कुणाचं असेल. कचनीच्या बारीक रेघा आजही मिथिलेत कितीतरी जणी सुरेख ओढतात. गंगादेवींची रेघ त्यांच्यातही कुणाची नाही.