बोट सोडणारे

ऑगस्ट १९७९. इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतायची शिडांच्या नौकांची शर्यत. ३०३ नौका, त्यांवर बरीच हौशी मंडळी. वाटेत वादळ उठले आणि शर्यतीतील १५ जण दगावले. २४ नौका सोडून देण्यात आल्या, पण बुडाल्या फक्त ५. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. रबरी तराफ्यावर उतरलेले काही मात्र परतले नाहीत.

आपण लगेच म्हणतो, "बोट सोडायलाच नको होती!" मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणाच्या मोडलेल्या संसाराविषयी आपण असेच बोलतो, नाही का? त्यांच्यापुढे होता काळोख आणि डोंगराएवढ्या लाटा. जे कळणे शक्यच नव्हते, त्याचा दोष कसा द्यावा? हवा बघून निघणे ही तांडेलाची जबाबदारी, हे खरे. पण निघताना अंदाजही एवढा वाईट नव्हता.