शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने

३० जानेवारी २०२२ रोजी म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना झाला आणि दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १-० असं घरी पाठवलं. हरलेल्या संघाची कर्णधार सॅम कर त्या स्पर्धेत सात गोल करून गेली होती. दोन वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, चेल्सी क्लबच्या सराव शिबिरात तिच्या गुडघ्यातला ‘एसीएल’ हा अस्थिबंध फाटला. सामन्यात ती पुन्हा उतरली सप्टेंबर २०२५ मध्ये, वीस महिन्यांनी. मुळशी तालुक्याच्या शिवेवरच्या याच मैदानात एफसी पुणे सिटीकडून खेळलेला आशिक कुरुनियन सप्टेंबर २०२३ मध्ये भारताकडून किंग्ज कप खेळताना याच दुखापतीने जायबंदी झाला. त्याचाही मोसम बुडाला.

अशा पुनरागमनांच्या बातम्या आपण जिद्दीच्या कथा म्हणून वाचतो. जिद्द लागतेच. पण खेळाडू घरी बसलेला असताना त्याचा पगार, त्याचा फिजिओ आणि संघातली त्याची जागा कोणी सांभाळली, हे त्या बातमीत येत नाही. गुडघा बरा होण्यात खेळाडूच्या इच्छाशक्तीचा जेवढा वाटा आहे, त्याहून मोठा वाटा त्याला थांबायची मुभा देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

याचं कारण शरीरातच आहे. एसीएल बहुतेक वेळा कुणाच्या लाथेने फाटत नाही. धावता धावता अचानक दिशा बदलली, पाऊल रुतलं आणि गुडघा आत वळला, की काम झालं. शस्त्रक्रियेत मांडीमागच्या स्नायूच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची पट्टी काढून दुर्बिणीतून त्या जागी बसवतात. बसवलेला तुकडा लगेच अस्थिबंधाचं काम करू लागत नाही. त्यात नव्याने रक्तवाहिन्या वाढाव्या लागतात आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत तो बसवला तेव्हापेक्षाही कमजोर होतो. पंचाईत अशी, की नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणंही थांबलेलं असतं. पोराला वाटतं, झालो बरा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवावं, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटतो. म्हणजे इथे औषध आहे ते वेळ. आणि वेळ फुकट मिळत नाही.

हा वेळ कोणाला परवडतो, ते मुळशीत दिसतं. इथे आज दोन प्रकारचा फुटबॉल आहे. हिंजवडी, बावधन, सूस, पिरंगुट या पट्ट्यात तासाच्या भाड्याने मिळणारी टर्फ झाली आहेत. रात्री नऊची बॅच आत शिरते तेव्हा आधीची अजून बाहेर पडलेली नसते. दिवसभर खुर्चीत बसलेली मंडळी बूट बांधतात आणि थेट मॅच सुरू करतात, कारण तासाचं भाडं चालू झालेलं असतं. यातल्या कुणाचं लिगामेंट गेलं, तर शस्त्रक्रियेचा खर्च कंपनीचा विमा उचलतो. पुढच्या फिजिओथेरपीचे पैसे सहसा खिशातून जातात, पण खिशात असतात.

दुसरा फुटबॉल शाळांच्या मैदानांवरचा आणि गावच्या स्पर्धांतला. कोळवण खोऱ्यातला सतरा वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. गुडघा सुजला की आधी तेल-मालीश होतं. दोन-तीन आठवड्यांत चालता येतं, म्हणून एमआरआय राहून जातो. पुढे गुडघा मधूनच सटकू लागतो आणि आतली गादीही फाटते. शस्त्रक्रिया झालीच, तर फिजिओ कोथरूडला. आठवड्यातून तीनदा एसटी किंवा पीएमपीने जाऊन यायचं म्हणजे तीन दिवस गेले, आणि सोबत येणाऱ्या बापाचा रोजही गेला. अशा मुलाला ‘मन खंबीर ठेव’ सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे.

चेल्सीचा पैसा मुळशीत कुठून आणायचा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पैसा असलेल्या क्लबांचाही भरवसा नाही; एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळलाच गेला. पण कुस्तीमहर्षी मामासाहेब मोहोळांच्या या तालुक्याला तालीम ठाऊक आहे. कोणी कोणाशी जोर करायचा, हे चांगला वस्ताद ठरवतो. दुखावलेल्या पोराला तो तगड्या जोडीदारापुढे सोडत नाही. तालमीतला दुखऱ्या गुडघ्याचा इलाज बरेचदा मालीश आणि पट्टीपाशीच थांबतो, हे खरं. तरी परत कधी उतरायचं हे खेळाडूच्या उतावळेपणावर सोडायचं नाही, ही शिस्त फुटबॉलने उचलण्यासारखी आहे.

ती उचलायला फार पैसा लागत नाही. फिफाचा ‘११+’ हा वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे: धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडीनंतर गुडघे आत न वळवता उतरणं. खास साहित्य काही नाही. नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवर तो वापरला, तेव्हा गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. मुलींमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून शाळांनी हा वॉर्मअप आधी त्यांच्यापासून सुरू करावा. टर्फवाल्यांनी पहिली पंधरा-वीस मिनिटं भाड्यात न धरता द्यावीत. तालुक्याच्या ठिकाणी, पौडला, आठवड्यातले दोन दिवस फिजिओ बसला तर खोऱ्यातल्या मुलांची निम्मी पायपीट वाचेल. क्रीडा प्रबोधिनी असो की खासगी अकादमी, जायबंदी झालेल्या मुलाची जागा वर्षभर राखली जाईल, हे त्याला प्रवेश घेतानाच लेखी मिळायला हवं. नाहीतर जागा जाईल या धास्तीने तो पाचव्या महिन्यातच बूट चढवणार.

गावोगावच्या स्पर्धांच्या फ्लेक्सवर पहिल्या बक्षिसाचा आकडा सगळ्यात मोठा असतो. त्यातला थोडा हिस्सा दुखापत झालेल्यांच्या फिजिओसाठी बाजूला काढायला सरकारी आदेशाची गरज नाही, आयोजकांची एक बैठक पुरते.