नोंद आणि नक्षी

स्क्रॅपबुकच्या सामानात चिपबोर्डचे कोरे आकार मिळतात: बदाम, चांदणी, फुलपाखरू, किल्ली, चौकट, इंग्रजी मुळाक्षरे. चिपबोर्ड म्हणजे रद्दी कागदाचा लगदा दाबून केलेला करडा पुठ्ठा, लिहायच्या पॅडच्या पाठीला असतो तसा. कारखान्यात डायखाली किंवा लेझरने एकाच मापाचे हजारो बदाम कापले जातात आणि तसेच नागवे विकले जातात. पुढचे सगळे घेणाऱ्याच्या हातात. कडा पॉलिश पेपरने घासायच्या, मग गेसोचा पांढरा हात द्यायचा, कारण कच्चा पुठ्ठा रंग पिऊन टाकतो. त्यावर ॲक्रिलिक रंग, कडेने इंकपॅडची गडद छटा, वर एम्बॉसिंग पावडर भुरभुरवून हीट गनने वितळवलेली चकाकी. पाणी जास्त झाले की पुठ्ठा फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून थर पातळ ठेवायचा आणि तो वाळेपर्यंत थांबायचे. एवढे सोपस्कार झाले की तो बदाम कुणा आजोबांच्या छायाचित्राशेजारी चिकटतो. फावल्या वेळचा छंद म्हणून हे सोडून देता येईल. पण ते पान एका माणसाच्या आयुष्याची नोंद आहे असे मानले, की पेच उभा राहतो. नोंदीने खरे सांगावे एवढीच अपेक्षा असते. मग तिच्या अंगावर नक्षी कशासाठी?

या पेचाला धर्माचे अंग आहे आणि ते ओढूनताणून आणलेले नाही. आजच्या स्क्रॅपबुकच्या छंदाचा उगम ज्या घटनेत सांगितला जातो, ती अमेरिकेतल्या युटा राज्यात, मॉर्मन पंथाच्या अंगणातच घडली. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत या पंथाच्या चर्चने अभिलेखांविषयी जागतिक परिषद भरवली. तिथे मॅरिलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या आठवणींचे पन्नास खंड मांडले, आणि पुढच्याच वर्षी स्पॅनिश फोर्क या गावी या सामानाचे दुकान निघाले. यामागे दीडशे वर्षांची शिकवण होती. ६ एप्रिल १८३० रोजी चर्चची स्थापना झाली त्याच दिवशीच्या साक्षात्कारात नोंदी ठेवण्याची आज्ञा आहे. १८४२ मध्ये पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने बायबलच्या शेवटच्या ग्रंथातील न्यायनिवाड्याच्या वह्यांचा संबंध थेट पृथ्वीवर ठेवलेल्या नोंदींशी जोडला. या पंथात मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो, त्यामुळे पूर्वजाचे नाव, तारीख आणि ठिकाण अचूक लागते. त्यासाठी १८९४ मध्ये वंशावळ संस्था निघाली, आणि १९६० च्या दशकात सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून तिजोरी बांधली गेली. तिच्यात मायक्रोफिल्मची लाखो रिळे आहेत. तिथे एकही बदाम नाही, चांदणी नाही. नोंद पवित्र असेल तर ती अशीच असावी, कोरडी आणि बिनचूक, असे कुणालाही वाटेल. तरीही त्याच श्रद्धेच्या घरांमधून, त्याच पूर्वजांसाठी, रंगवलेल्या पुठ्ठ्याची पाने तयार झाली. एका हाताने तिजोरी बांधणारे लोक दुसऱ्या हाताने चमकी का लावत होते, हे कळले तर पेच बराचसा सुटतो.

नक्षीवरचा धार्मिक आक्षेप जुना आहे, आणि तो सर्वांत धारदारपणे मांडला बाराव्या शतकातल्या बर्नार्ड ऑफ क्लेअरवो या सिस्टर्शियन मठाधिपतीने. ११२५ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या प्रकरणात त्याने क्लुनी परंपरेच्या मठांतील थाटमाटावर दोन वार केले. पहिला असा की चर्चच्या भिंती सोन्याने झळकतात आणि दारातला गरीब उपाशी राहतो. दुसरा जास्त बारीक आहे: मठाच्या खांबांवर कोरलेली विचित्र श्वापदे इतकी मन वेधून घेतात की भिक्षू पोथी सोडून दगडच वाचत बसतो. पहिला वार पुठ्ठ्याला फारसा लागत नाही, कारण माल मुळात रद्दीचा. (सामानाच्या खरेदीला काही धरबंध नसतो ही गोष्ट वेगळी, रंगांच्या पन्नास बाटल्या घेऊन तीन वापरणाऱ्यांना बर्नार्डने सोडले नसते, आणि त्यात त्याचे चुकलेही नसते.) दुसरा वार मात्र नेमका बसतो. चमकत्या बदामाकडे डोळा गेला की आजोबांचा चेहरा मागे पडतो. बर्नार्डचा समकालीन, सेंट डेनिसचा मठाधिपती सूझे, याने तिथल्या चर्चच्या सजावटीचे समर्थन केले होते ते असे: रत्नांच्या तेजावरून मन अपार्थिव तेजाकडे चढते. ते समर्थन इथे उधार आणता येत नाही. ग्लिटर लावलेल्या पुठ्ठ्याकडे पाहून कुणाचे मन स्वर्गाकडे चढेल असा दावा कुणी केलेला नाही, आणि केला तर हसू येईल.

माझ्या मते समर्थन दुसरीकडे आहे. तिजोरीतली नोंद एका प्रश्नाचे उत्तर देते: हा माणूस होऊन गेला का? घरातले पान वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते: हा माणूस कुणाचा होता? पहिल्या उत्तराला लिहिणारा जितका अदृश्य तितके बरे. जन्मनोंदीत कारकुनाचा स्वभाव उतरला तर तो दोषच. दुसऱ्या उत्तराला मात्र साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार अदृश्य राहून साक्ष देऊ शकत नाही. नाव आणि तारीख यांच्या भोवती कुणीतरी तासभर बसले होते, थर वाळायची वाट पाहत त्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते, ही माहिती कोणत्याही मजकुरात मावत नाही. ती त्या रंगवलेल्या कडेवर राहते. नक्षी माणसाविषयी नवे काही सांगत नाही, सांगू नयेच. ती नोंद करणाऱ्याविषयी सांगते. मॉर्मन घरांना दोन्ही का लागले, तेही यावरून कळते. त्या श्रद्धेत कुटुंब मृत्यूनंतरही कुटुंबच राहते. तिजोरीतले नाव विधीपुरते पुरते, पण ज्याच्यासोबत अनंतकाळ राहायचे त्याच्याशी नाते नुसत्या नावावर कसे राहील?

यावर कलेच्या बाजूने हरकत येते: आकार आयता, रंग बाटलीतला, नक्षी स्टेन्सिलची, यात त्या माणसाचे आहे काय? साक्ष द्यायची तर स्वतःच्या शब्दांत द्यावी, छापील नमुन्यावर सही करू नये. हरकत वजनदार आहे, पण तिच्यात नवनिर्मिती आणि निष्ठा यांची गल्लत होते. दारात छाप्याने रांगोळी काढणारीला ती नक्षी आपण शोधून काढली असे कधी वाटत नाही, आणि ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या शेजारणीनेही त्या दिवशी तिचे दार कोरे राहिले असे म्हटलेले नाही. बहुतेक धर्मांतले बहुतेक विधी आयत्या आकारातच चालतात. ठरलेला मंत्र, ठरलेली प्रार्थना, ठरलेले हातवारे. भक्ताचे स्वतःचे असते ते लक्ष. हजारो सारख्या बदामांपैकी एक घेऊन तो एका माणसासाठी वेगळा करणे याच जातीचे आहे. गंमत म्हणजे नक्षीचा सर्वांत मोठा वैरी, वास्तुरचनाकार आडोल्फ लोस, यानेही इथे सूट दिली आहे. १९१० साली व्हिएन्नात दिलेल्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानात त्याने नक्षीला गुन्हा ठरवले, तिच्यात श्रम, माल आणि पैसा वाया जातो म्हणून. पण आपला चांभार बुटांवर नक्षी काढतो ती त्याने खपवून घेतली, कारण ती काढून टाकली तर त्या माणसाचा आनंदच हिरावला जाईल. या सुटीत वरून खाली पाहणारी दया आहे, हे लोसच्या चाहत्यांनीही मान्य करावे: सुसंस्कृत माणसाला बीथोवेन आहे, बिचाऱ्या चांभाराला नक्षीच. तरी त्या दयेखाली एक कबुली दडलेली आहे, की नक्षीचा हिशेब वस्तूत करायचा नसतो, करणाऱ्यात करायचा असतो.

सर्वांत अवघड हरकत सत्याची आहे. स्क्रॅपबुकात वाढदिवस असतात, सहली असतात. भांडणे, कर्जे, व्यसने नसतात. मग हे पान साक्ष कसले, गोड खोटेच, आणि नक्षी त्याला साथ देते. हे पुष्कळ वेळा खरे आहे. पण खोटेपणा येतो तो काय निवडले आणि काय लिहिले यातून. गुळगुळीत भिंतीवरच्या साध्या चौकटीतही हसरेच फोटो असतात. नक्षीचा स्वतःचा अपराध होतो तो ती मजकुराच्या जागी बसते तेव्हा. १७९० च्या आपल्या ग्रंथात कान्टने चित्राच्या चौकटीविषयी हाच भेद केला. चौकट आपल्या आकाराने चित्राला साथ देत असेल तर ती शोभा. केवळ सोन्याच्या झगमगाटाने चित्राची भलामण करत असेल तर ती खऱ्या सौंदर्याला बाधा. तोच निकष पुठ्ठ्याला लावावा. गेलेल्या बाळाच्या पानावर पांढऱ्या गेसोखेरीज काहीच न लावलेली चांदणी पुरेशी बोलते. जिथे ‘या वर्षी बाबांची नोकरी गेली’ असे लिहायला हवे होते तिथे तीन सोनेरी फुलपाखरे बसवणे मात्र लपवाछपवी आहे, आणि बर्नार्डने ती पाहिली असती तर पुन्हा तेच म्हटले असते.

एक हरकत तर रसायनशास्त्राचीच आहे. रद्दीपासून केलेल्या साध्या पुठ्ठ्यात आम्ल आणि लिग्निन राहू शकते. त्याने कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि शेजारच्या छायाचित्रालाही झळ पोचते. म्हणजे ज्या बदामाने साक्ष द्यायची तोच पुराव्याला खाणार. वरून रंग दिल्याने आतले आम्ल नाहीसे होत नाही. म्हणून जाणकार आम्लरहित, लिग्निनरहित पुठ्ठा मागतात, आणि मूळ छायाचित्र वेगळे ठेवून पानावर त्याची प्रत लावतात. मला ही तडजोड वाटत नाही. तिजोरी आणि घर यांची जी वाटणी वर सांगितली तीच इथे एका पानापुरती झालेली आहे. जुन्या स्क्रॅपबुकांचे जतन करणाऱ्यांनाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. पूर्वी असे खंड सोडवून छायाचित्रे आणि पत्रे वेगळी काढण्याची पद्धत होती. चिकटवलेली शोभा बिनकामाची मानली जाई. आता शक्य तिथे खंड अख्खाच ठेवण्याकडे, पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद घालण्याकडे कल आहे, कारण कुणी काय कशाशेजारी चिकटवले आणि कशाभोवती जास्त वेळ घालवला हेही संशोधक पुरावा म्हणून वाचतात.