विलायती चाल व ख्रिस्ताची आज्ञा

(आधार : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५)



साहेबलोकांची जी चाल तीच ख्रिस्ती चाल, व ती आरंभापासून तशीच आहे, अशी समजूत कित्येक मंडळ्यांत आढळते. वधूस पांढरा झगा व नाताळास झाड नसेल तर लोक काय म्हणतील, ह्या धाकाने गरीब बाप सावकाराचे दार गाठतो. यास्तव हा विषय आम्ही हाती घेतला आहे.

नौपाड्यातील विश्वासणाऱ्यांस ह्याचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. त्यांच्या ठाणे शहरानेच पश्चिमेची अनेक रूपे पाहिली आहेत. सन १३२१ त चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू येथे उतरले व विश्वासासाठी येथेच प्राणास मुकले. त्यांच्यापाशी फौज नव्हती. पुढे पोर्तुगीज आले ते तोफा घेऊन. १७३७ पर्यंत ठाणे त्यांच्या हाती होते. त्यांच्याच गोव्यातील धर्मन्यायालयाने १७३६ त ख्रिस्ती पुरुषांस धोतर व स्त्रियांस चोळी वापरण्याची मनाई केली. १७७४ त इंग्रजांनी ठाणे घेतले. परंतु १८१३ त हॉल व नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, तेव्हा त्याच ख्रिस्ती म्हणविणाऱ्या कंपनी सरकारने त्यांस निघून जाण्यास फर्माविले. १८५३ त तर पश्चिम आगगाडीत बसून ठाण्यास आली. ह्यांपैकी कोणते रूप ख्रिस्ताचे समजावे?

त्यांच्या स्वदेशीही असेच झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांती प्युरिटन लोकांनी १६५९ त नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला. तो कायदा १६८१ त रद्द झाला. पांढऱ्या झग्याची चाल रूढ झाली ती मुख्यत्वे १८४० त राणी व्हिक्टोरियाच्या लग्नानंतर. गुलामांचा व्यापारही पुष्कळांनी शास्त्राधारे योग्य ठरविला होता. परंतु त्याच शास्त्राने इतरांची मने जागी केली, आणि १८३३ त ब्रिटिश पार्लमेंटाने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. म्हणजे वचनाने पाश्चात्यांचाही न्याय केला, व त्यांसही पश्चात्ताप करावा लागला.

आज त्या देशांतील पुष्कळ मंदिरे ओस पडत आहेत. जे केवळ चालीस धरून राहिले, त्यांच्या हाती चाल बदलताच काही उरले नाही.

आम्ही पाश्चात्यांचे उपकार विसरत नाही. शाळा व दवाखाने त्यांनी दिले. परंतु यरुशलेमेच्या सभेत प्रेषितांनी विदेशी विश्वासणाऱ्यांच्या मानेवर यहूदी चालींचे जू ठेवले नाही, मग आपण विलायती चालींचे जू का घ्यावे? नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत गायिली. तीत काय उणे झाले?

तर प्रचारक बंधूंनो, लग्न ठरविणाऱ्या घरी जाऊन हे स्पष्ट सांगा : लुगडे नेसलेल्या वधूस देव तितकाच आशीर्वाद देतो. कर्ज काढू नका. प्रीती, सत्य व पवित्रता ही वस्त्रे जुनी होत नाहीत, आणि ती उसनी आणावी लागत नाहीत.